आईच्या माथी मारलेला खोटा आळ

जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली केली. देशभर कौतुक झाले, ते योग्यच. परंतु हे ज्ञान घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचते का, हा प्रश्न कोणी विचारला?

रेट सिंड्रोम घ्या. सुमारे दहा हजार मुलींत एकीला होणारा हा विकार. बाळ पहिले काही महिने हसतेखेळते, एखादा शब्दही उच्चारते. मग सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान वाढ मंदावते आणि पुढे कमावलेले हरपू लागते: वाचा जाते, खेळणे धरणारे हात निकामी होऊन एकमेकांवर अखंड चोळले जातात, चाल अडखळते, श्वासाची लय बिघडते, पुष्कळ जणींना झटके येतात.

आणि घरात खटला उभा राहतो. आरोपी ठरलेली: आई. तिने गरोदरपणी काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले? तंजावूरसारख्या तमिळ मुलुखात, जिथे मामा-भाचीच्या विवाहाची रूढी जुनी, तिथे दोष सोयरिकीवरही ढकलला जातो. नात्यातील विवाहांमुळे काही आनुवंशिक विकारांचा धोका वाढतो, हे निर्विवाद. रेट मात्र त्यांतला नव्हे. त्याचे मूळ एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी२ या जनुकात आहे, हे १९९९ साली सिद्ध झाले. हा बदल जवळजवळ नेहमीच नव्याने घडलेला असतो, आणि तोही बहुतांशी पित्याच्या शुक्रपेशीत. म्हणून पित्याला पिंजऱ्यात उभे करायचे नाही. निसर्गाच्या या चुकीला गुन्हेगारच नसतो. पुढच्या अपत्यात तो पुन्हा उद्भवण्याची शक्यताही सहसा एक टक्क्याहून कमी असते. हे एक वाक्य कित्येक संसार सावरील!

याच तंजावुरात दुसऱ्या सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करवून घेतल्या. त्या सरस्वती महालात आजही आहेत. आधी नीट पाहावे, लिहावे, मगच निदान करावे, ही त्या नोंदींची शिकवण. आपण मात्र न पाहताच निकाल देतो.

म्हणून मागणी साधी आहे. कमावलेले कौशल्य गमावणाऱ्या प्रत्येक मुलीची जनुकचाचणी सरकारी खर्चाने व्हावी आणि अहवालाचा अर्थ आईवडिलांना त्यांच्या भाषेत समजावणारा जनुकीय समुपदेशक जिल्हा पातळीवर असावा. तोवर विदागाराचे सोहळे जरूर करा. पण त्या आईला निर्दोष ठरवणारा कागद तिच्या हाती पडेपर्यंत विजयाची भाषा नको.