टेबलाखालची वायर

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची! विषयही तसा रुक्षच आहे... ऑफिसातला नेटवर्क स्विच. पण परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी जे खिडकीसमोरच्या रांगेत ताटकळले, त्यांनी तरी वाचावं.

त्या दिवशी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकदम ठप्प झाले. "सर्व्हर डाऊन आहे," एवढंच उत्तर मिळालं आणि रांगेतल्यांनी खिडकीतल्या मॅडमना नाही नाही ते ऐकवलं. खरं कारण आज लिहिते. बोनाफाईड घ्यायला मी आत गेले होते. टेबलाखाली स्विच, शेजारी एक वायर लोंबकळतेय. आपण पडलो इंजिनिअर! मोकळं पोर्ट दिसलं, दिली खोचून. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं, ते मी पाहिलंच नाही. संध्याकाळी लॅबच्या दादांनी एकेक वायर उपटून बघितली, तेव्हा कुठे सापडलं. माझ्या रूममेटला लेट फी पडली. (तिला हे आत्ता वाचूनच कळतंय. सॉरी गं!)

झालं असं की, एखादा कॉम्प्युटर "अमुक पत्ता कुणाचा?" असं सगळ्यांना विचारतो, तेव्हा स्विच ती हाक बाकी सगळ्या पोर्टांतून पुढे पाठवतो. माझ्या वायरीमुळे हाक फिरून परत आत यायची आणि पुन्हा सगळीकडे जायची. इथरनेटच्या फ्रेमवर "इतक्या फेऱ्यांनंतर थांब" असं कुठे लिहिलेलंच नसतं. बघता बघता तिथे दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रॅडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये शोधला, म्हणजे माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी! स्विच निरोप पाठवत राहतो, आपलाच निरोप परत आला की फेरा पडलाय हे ओळखतो आणि तेवढा एक रस्ता बंद करतो. आपल्या ऑफिसातल्या साध्या स्विचला हे येतच नव्हतं.

आता नवीन घ्यायचाय आणि चर्चा काय, तर पोर्ट किती आणि स्वस्त कोण देतो! माझं स्पष्ट मत आहे की गर्दीच्या ऑफिसचा स्विच त्याच्या सगळ्यात वाईट दिवसाचा विचार करून निवडावा. कोटेशनमधल्या "४८ जीबीपीएस"ला भुलू नये. २४ गिगाबिट पोर्टांची जाणारी-येणारी बेरीज तेवढीच होते. आणि फॉर्म भरायला गिगाबिट लागतो कुणाला? अडतं ते सगळ्यांचा ट्रॅफिक ज्या एका अपलिंकमधून बाहेर पडतो तिथे. कॅमेरे आणि वाय-फाय याच स्विचवरून चालवायचे असतील तर एकूण वॅट विचारा. २००३ च्या मानकाप्रमाणे एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत, म्हणजे २४ पोर्टांना ३७० च्या आसपास. तेवढी ताकद प्रत्येक स्विचमध्ये नसते.

होस्टेलवाल्यांना आवडणार नाही, पण व्हीलॅन करून होस्टेल आणि ऑफिस वेगळं केलंच पाहिजे. आपले गेम आणि मॅडमचे फॉर्म एकाच नळावर कशाला?

मॅनेज्ड स्विच महाग पडतो, मान्य. पण लेट फी भरणाऱ्यांना विचारा, स्वस्त कुणाला पडलं? मला खरी भीती वेगळीच आहे. महागाचा स्विच येईल, पासवर्ड बॉक्सवर लिहिलेलाच राहील आणि सेटिंग कुणी उघडून बघणार नाही. तेव्हा ऑर्डर देण्याआधी तो सांभाळणार कोण, हे ठरवा. लॅबच्या दादांवर ढकलायचं असेल तर त्यांची दुसरी दोन कामं तरी कमी करा.

मागच्या आठवड्यात मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता चांगलीच बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मग आधी त्या वायरींना चिठ्ठ्या लाव." शनिवारी बसून लावल्या. एकोणीस निघाल्या. त्यातल्या चार कुठे जातात, ते अजून सापडलेलं नाही.