भिंती रंगवून झाल्या, आता टेप हातात द्या

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला डिझाइन म्हणजे काय हे एकदाच शिकवलं जातं, आणि तेही एका चौकोनात. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटमध्ये, 'संकल्पचित्र' नावाचा पेपर असतो. दिलेल्या मापाचा चौकोन किंवा वर्तुळ आखायचं, त्यात पानं, फुलं, पक्षी बसवायचे, पोस्टर कलरने रंगवायचं आणि रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. मीही ही परीक्षा दिली. भवानी पेठेतल्या आमच्या घरात कागद पसरता येईल एवढी मोकळी जागा एकच होती आणि तिथं बसून आई विड्या वळायची. तिनं सूप उचलून उंबऱ्यात नेलं, मी चौकोनात चार मोर बसवले. श्रेणी मिळाली. त्या परीक्षेत मला आईच्या बसायच्या जागेबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नाही.

संकल्प म्हणजे काही करायचा निश्चय. त्या पेपरात निश्चय कशाचाच नव्हता. चौकोन आधीच ठरलेला होता, आपण तो फक्त भरायचा होता. आज आपल्या शहरांत 'तरुणांचा सहभाग' म्हणून जे चालतं, ती याच पेपराची मोठी आवृत्ती आहे. कागदाच्या जागी उड्डाणपुलाचा खांब किंवा शाळेची कुंपणभिंत आली. मुलांना ब्रश आणि टोपी द्यायची, भिंतीवर झाड, पृथ्वी आणि एखादी घोषणा काढून घ्यायची, फोटो काढायचा. भिंत तिथं का आहे, तिच्या पायथ्याशी गटार का तुंबलंय, हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा.

या चित्रकामाला मी आता विरोध करायचं ठरवलंय. विरोध चित्रांना नाही. सहभागाच्या नावानं मुलांच्या हातात फक्त रंग ठेवण्याला आहे.

हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेत 'माझ्या स्वप्नातलं शहर' या स्पर्धेला मी परीक्षक होतो. ऐंशी-नव्वद चित्रं होती. बहुतेकांत काचेच्या उंच इमारती, मेट्रो, हेलिपॅड. एका मुलीनं मात्र स्वतःची गल्ली काढली होती. तेच पत्रे, तीच घरं, वरून जाणाऱ्या त्याच तारा. बदल एवढाच, की दारादारापुढची पाण्याची बॅरलं तिनं काढून टाकली होती आणि त्या जागी दिव्याखाली एक बाक ठेवून त्यावर अभ्यास करणारी मुलगी बसवली होती. माझ्यासोबतचे परीक्षक म्हणाले, "यात स्वप्न कुठाय ओ? ही तर गल्ली आहे." मी मान डोलावली. पहिलं बक्षीस मेट्रोला गेलं.

तिनं काय केलं होतं ते मला उशिरा समजलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. वर्षानुवर्षं ते चार-पाच दिवसांआड येतंय. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येणारं पाणी, समांतर जलवाहिनी, तिची लांबत गेलेली मुदत, यावर इथल्या प्रत्येक घरात बोललं जातं. पण या पाण्याचा गल्लीच्या रुंदीशी असलेला संबंध कुठल्याच नकाशात दिसत नाही. पाच दिवसांचं पाणी साठवायचं तर बॅरल लागतं. खोलीत माग किंवा विड्यांचा पसारा असेल तर बॅरल दाराबाहेर जातं. दोन्ही बाजूंची बॅरलं बाहेर आली की दहा फुटांची गल्ली पाच-सहा फुटांची होते. मग अतिक्रमणवाले येतात आणि ओटा मोजून जातात. पाणी सोडायची वेळ रात्रीची असली की मुलीही आईबरोबर जागतात आणि सकाळी शाळेत डुलक्या घेतात. त्या मुलीच्या चित्रातला बाक म्हणजे पाणीपुरवठा, रस्ता, घर आणि शिक्षण या चार खात्यांना जोडणारी सूचना होती. असं जोडून बघणं म्हणजेच नगररचना. आम्ही तिला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही.

भवानी पेठेतल्या मुलांना डिझाइन कळत नाही, असं समजून त्यांच्यासाठी कार्यशाळा घेणाऱ्यांना या पेठेत काय चालतं याचा पत्ता नाही. सोलापुरी चादरीवरचा मोर जॅकार्डवर विणला जातो. आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक गाठभेट. मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. एक भोक चुकीचं पडलं, तर पुढच्या प्रत्येक चादरीत मोराची मान मोडलेली निघते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत, जिथं घरी मागाला आजही 'मग्गम' म्हणतात, मुलं हे बघतच मोठी होतात. कागदावरच्या रेघेची किंमत काय असते, ती कुणाला मोजावी लागते, हे त्यांना कुठल्याही महागड्या डिझाइन कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याहून चांगलं ठाऊक असतं. विडीच्या पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरवणाऱ्या बाईलाही ते ठाऊक असतं. आपण या ज्ञानाला 'पारंपरिक व्यवसाय' म्हणतो आणि डिझाइन हा शब्द पुण्या-मुंबईच्या प्रवेशपरीक्षेसाठी राखून ठेवतो. ज्याला ही विद्या येते त्यानं पेठ सोडून जायचं, आणि पेठेचा आराखडा पेठ न पाहिलेल्यानं करायचा, अशी ही व्यवस्था आहे.

आता सरकारी लोकसहभागाकडे वळू. २०१५ च्या जूनमध्ये स्मार्ट सिटी योजना जाहीर झाली. २०१६ च्या जानेवारीत निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं. शहराला अभिमान वाटला, मलाही वाटला. त्या वेळी नागरिकांची मतं मागवली गेली, अर्ज भरून घेतले गेले. पण मत मागणं वेगळं आणि मताला बांधील राहणं वेगळं. महाराष्ट्रानं २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदान केंद्रांच्या पातळीवर नागरिकांची सभा. भवानी पेठेत रस्त्यावर दहा जणांना विचारा, क्षेत्रसभा कधी भरली होती? दहाही जण तुम्हालाच विचारतील, ती काय असते बे? त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात आठवीतला मुलगा अकरावी ओलांडून गेला. शहर चालवणारा माणूस आपण निवडलेला असतो, हे त्यानं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं फक्त.

यावर उत्तर येतं, की भारतातले लोक अजून तयार नाहीत, हे सगळं परदेशी आहे. परदेशी माणसाचीच गोष्ट सांगतो, पण घडलेली होळकरांच्या इंदुरातली. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याआधी, १९१७ च्या सुमारास, त्याच्याकडे प्लेगनं गांजलेल्या इंदूरचं काम होतं. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढायला त्याचा विरोध असे. आधी वस्ती पायी फिरून बघा, मग गरजेपुरतीच कात्री लावा, असं त्याचं म्हणणं. इंदुरात त्यानं दिवाळीची मिरवणूक वापरली. जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही; ज्या भागातले लोक घरं आणि रस्ते सर्वांत जास्त साफसूफ करतील, त्या भागातून जाईल. शहर झाडूनपुसून निघालं.

सोलापूरकराला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघायचा असला की पूर्व भागातले मार्गावरचे खड्डे बुजतात, लोंबत्या तारा वर बांधल्या जातात. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हाही तेच. म्हणजे रस्ता दुरुस्त करायची ताकद यंत्रणेत आहे, फक्त ती देवासाठी जागी होते. गेडिसची गोष्ट मला पुरती पटते असंही नाही. त्याच्या पाठीशी दरबार होता, आणि मिरवणूक संपल्यावर निर्णय पुन्हा दरबाराकडेच गेले. पण त्यातून एक कळतं. सामान्य माणसाच्या कामाला सत्तेनं उत्तर देण्याचं कबूल केलं, तर माणूस काम करतो. उत्तर मिळणारच नसेल, तर तो भिंतीवर झाड काढून घरी जातो.

आता माझ्याच बाजूवरचा आक्षेप. लोकांनी स्वतः उभं केलेलं सगळंच चांगलं असतं, असं मी म्हणत नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहत होतं, त्यात एक तान्हं मूल होतं; कामगारही तिथंच होते. ही बातमी वाचताना पूर्व भागातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात आपलं घर चाचपलं असेल. सुताचे गठ्ठे कुठं आहेत, जिना कुठं आहे, दुसरं दार आहे का? घर आणि कारखाना एका छपराखाली असणं ही आपली गरज आहे, आपली हुशारीही आहे, आणि तोच आपला धोका आहे. त्याचं नुसतं कौतुक करणारा आणि त्याला नुसतं बेकायदा ठरवणारा, दोघंही त्या पहाटे कुणाच्या कामाचे नव्हते. सुटकेची वाट कुठं ठेवायची, हे मुलांना शाळेत शिकवणं म्हणजे डिझाइन शिकवणं. ते आपण शिकवत नाही.

दुसरा आक्षेप, की गरिबांना आराखडा नको असतो, घर हवं असतं. मग कुंभारीला जाऊन या. विडी वळणाऱ्या बायकांनी आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढून दहा हजार घरांची वसाहत मिळवली, २००६ मध्ये तिचं लोकार्पण झालं. पुढं त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. ज्यांना कर्ज द्यायला बँक तयार नसते, त्यांनी देशात गाजलेली वसाहत उभी करायला लावली. संघटित मागणी हीच आराखड्याची पहिली रेघ असते. त्या बायकांच्या नातवंडांना पुढची रेघ काढता यावी, हे सांगायला मी लिहितोय.

माझी मागणी साधी आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. पेठेतल्या प्रत्येक शाळेनं आठवी-नववीच्या मुलांकडून दरवर्षी एक गल्ली मोजून घ्यावी. टेप, कागद आणि शिक्षक एवढं पुरे. ती दोनदा मोजायची, पाण्याच्या दिवशी आणि कोरड्या दिवशी. कारण तिची रुंदी दोन्ही दिवशी सारखी नसते, आणि हे पेठेतल्या मुलाइतकं पक्कं कुणाला माहीत नाही. नकाशा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात दर्शनी भागात लागला पाहिजे. खात्याच्या अभियंत्यानं शाळेत येऊन मुलांसमोर उत्तर दिलं पाहिजे: हे करू, हे जमणार नाही, आणि का जमणार नाही. 'नाही' हे उत्तरही चालेल, पण कारणासकट, सहीसकट. प्रभागाच्या निधीतला थोडा वाटा या नकाशांमधून निघालेल्या कामांसाठी ठेवावा आणि कोणतं काम आधी, हे क्षेत्रसभेत ठरावं. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. त्या पद्धतीत उणिवा असतील, पण आकाश कोसळलेलं नाही. आणि रेखाकला परीक्षेत संकल्पचित्राचा एक प्रश्न असाही असावा: तुमच्या दारापुढची दहा फूट जागा काढा, तिथं काय आहे ते दाखवा, काय असावं ते दाखवा.

यातून मुलांकडून फुकटात सर्वेक्षण करून घ्यायचा नवा धंदा निघू शकतो, याची मला कल्पना आहे. म्हणून अभियंत्याच्या उत्तराची अट सगळ्यात महत्त्वाची. ते उत्तर येणार नसेल तर टेपही देऊ नका, मुलांचा वेळ वाया घालवू नका.

१९३० च्या मे महिन्यात पोलीस हटले आणि सोलापूरच्या स्वयंसेवकांनी शहराची रहदारी आणि शांतता सांभाळली. त्यानंतर मार्शल लॉ आला आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघं फासावर गेले. त्यातले कुर्बान हुसेन जेमतेम विशीतले होते. दरवर्षी आपण शाळांतून त्यांच्या प्रतिमांना हार घालतो. त्याच शाळांतली मुलं विचारण्याइतकी मोठी नाहीत, असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

ती चित्र काढणारी मुलगी आता कॉलेजात असेल. तिची गल्ली मला माहीत आहे, परवाच तिथून गेलो. पाणी आदल्या दिवशी येऊन गेलं होतं. बॅरलं काठोकाठ भरलेली होती आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्या मुलाला वाट द्यायला मला एका उंबऱ्यावर चढून उभं राहावं लागलं.