आई-बाबांची प्रायॉरिटी डेट

हापिसात लंच टेबलवर भारतीय आणि चिनी मंडळी एकत्र बसली की विषय दोनच. कँटीनचं जेवण किती बेचव आहे हा एक, आणि दुसरा व्हिसा. क्रिकेट त्यांना कळत नाही, पिंगपाँग आपल्याला झेपत नाही, पण 'प्रायॉरिटी डेट' म्हटलं की दोन्ही देश एकाच भाषेत बोलायला लागतात.

माझ्या टीममधल्या एका चिनी मित्राने तर चक्क एक्सेल शीट केली आहे. नातेवाईक कोण, व्हिसा कोणता, किती वर्षं लागतील, अमेरिका की कॅनडा की ऑस्ट्रेलिया. रंगबिरंगी, फिल्टरवाली. शीट झकास आहे यात वाद नाही. पण माझं म्हणणं असं की तिच्यात जी ओळ सगळ्यात हिरवीगार आहे, तीच सगळ्यात फसवी आहे. आपल्यापैकी बरेचजण याच रस्त्याने चालले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी नियम, थोडक्यात. अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना वार्षिक कोटा नाही. बाकीचे सगळे, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांचे नवरा-बायको, वयाने मोठी मुलं, लग्न झालेली मुलं, भाऊ-बहिणी, हे एफ-१ ते एफ-४ अशा डब्यांमध्ये. या डब्यांना मिळून वर्षाला साधारण २,२६,००० व्हिसा, आणि १९९० च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टचा नव्हे. तैवानमध्ये जन्मलात तर चीनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

गंमत म्हणजे 'चीन म्हणजे मोठी रांग' हे नोकरीच्या ग्रीन कार्डाबाबत खरं असलं, तरी कुटुंबाच्या डब्यांत फारसं खरं नाही. २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भावंडांच्या एफ-४ साठी चीनची तारीख बाकी जगाइतकीच, २००७-०८ च्या आसपास होती. भारताची २००६ मध्ये अडकलेली, मेक्सिकोची तर २००१ मध्ये. ग्रीन कार्डवाल्याच्या नवरा-बायकोचा एफ-२ए हा डबा २०१९ ते २०२३ च्या सुरुवातीपर्यंत कुठल्याच देशाला रांग नसलेला होता. मग तोही तुंबला. २०२५ च्या सुरुवातीला तिथे जानेवारी २०२२ ची तारीख होती, चीन-भारत दोघांनाही सारखीच. यात नवरा-बायकोंचे हाल होतात हे खरं, पण निदान दोघंही तरुण असतात.

मित्राच्या शीटमध्ये भावंडांची ओळ रिकामी आहे. त्याला भाऊ नाही, बहीण नाही. १९९० च्या आसपास चिनी शहरात जन्मलेल्या बहुतेकांचं हे असंच. एक मूल धोरण २०१५ च्या अखेरपर्यंत चाललं. म्हणजे त्याच्यासाठी 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ बायको, पोरगी आणि दोन्हीकडचे मिळून चार म्हातारे. आपल्याकडे निदान "दादा आहे ना पुण्याला" असं म्हणता तरी येतं. त्याच्याकडे दादा नाही.

आता ती हिरवी ओळ. आई-वडील: कोटा नाही, वेटिंग शून्य. आय-१३० अर्ज मंजूर झाला की ग्वांगझूच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, कारण मुख्य भूमी चीनचे सगळे इमिग्रंट व्हिसा तिथेच होतात. सगळं धरून साधारण वर्ष-दीड वर्ष. वा!

पण हा अर्ज फक्त नागरिकालाच करता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही. मग घड्याळ खरं कुठून सुरू करायचं? हिशोब करून बघा. मुलगा २०१४ मध्ये एमएसला आला. २०१६ मध्ये नोकरी, २०१८ मध्ये ईबी-२ ची प्रायॉरिटी डेट. चिनी असल्यामुळे तीन-चार वर्षांत नंबर लागला, समजा २०२२ मध्ये कार्ड हातात. नागरिकत्वाला आणखी पाच वर्षं, म्हणजे २०२७. मग आई-वडिलांचा अर्ज, २०२८ किंवा २०२९. चौदा-पंधरा वर्षं झाली की हो! तो निघाला तेव्हा बावन्न वर्षांची असलेली आई आता सहासष्ट-सदुसष्टची. बुलेटिनमध्ये मात्र या रांगेचा रकानाच नाही. कागदोपत्री वेटिंग शून्यच.

आणि हा सुखी माणसाचा हिशोब आहे बरं का. त्याच ईबी-२ मध्ये २०२५ साली चीनची तारीख २०२०-२१ ला पोचली होती आणि भारताची २०१२-१३ ला. २०१८ ची तारीख असलेल्या मराठी मुलाचं पाच वर्षांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. त्याने आई-बाबांच्या ग्रीन कार्डाची गणितं मांडूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग चिनी कुटुंबं प्रत्यक्षात काय करतात? तेच, जे आपण करतो. व्हिजिटर व्हिसा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामा बीजिंगला गेले असताना दोन्ही देशांनी एकमेकांच्या पर्यटकांना दहा वर्षांचे व्हिसा द्यायचं ठरवलं. त्याआधी एक वर्षाचा मिळायचा. २०१६ पासून चिनी लोकांना त्यावर दर दोन वर्षांनी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, पण ती किरकोळ भानगड. एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. त्यामुळे बाळ झालं की आधी बायकोचे आई-वडील सहा महिने, मग नवऱ्याचे सहा महिने. रिले रेस. चिनी बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, गरमागरम सूप प्यायचं. आपला सव्वा महिना आणि डिंकाचे लाडू आठवले ना? त्या आजीला चार भिंतींबाहेरची अमेरिका तेवढीच दिसते, जेवढी आपल्या आजीला एडिसनमध्ये दिसते.

मला विचाराल तर बहुतेक आई-वडिलांसाठी हाच पर्याय चांगला. ग्रीन कार्ड म्हणजे 'इथेच राहा' अशी अट. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर कार्ड गेल्यातच जमा, आणि सहा महिन्यांच्या वरही प्रश्न विचारतात. पासष्टीच्या माणसाला मेडिकेअर विकत घ्यायचं तरी आधी कार्डावर पाच वर्षं इथे राहावं लागतं. आपली माणसं, आपला डॉक्टर, सकाळी बागेत भेटणारी मित्रमंडळी सोडून यायचं कशासाठी? व्हिजिटर व्हिसाला तोटे आहेतच. विमा महाग आणि आधीच्या आजारांना बऱ्याचदा निरुपयोगी. विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळं. पण आई-वडील आपल्या घरचे राहतात.

या बाबतीत कॅनडा हुशार निघाला. तिथला सुपर व्हिसा २०११ पासून आहे. २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आणि मुलगा नुसता पर्मनंट रेसिडेंट असला तरी चालतो. फक्त त्याची कमाई पुरेशी हवी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. आई-वडिलांना कायमचं आणायचं असेल तर मात्र लॉटरी. २०२१ ते २०२५ या वर्षांतली निमंत्रणं २०२० मध्ये भरून घेतलेल्या फॉर्मांमधूनच काढली. ऑस्ट्रेलियात निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत अशी अट आहे. एकुलत्या एका मुलाचे चिनी आई-वडील त्यात शंभर टक्के पास! पण पुढे माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त भरा आणि दहा वर्षांहून जास्त थांबा. पैसे भरायचे नसतील तर तीस वर्षांहून जास्त. साठीच्या माणसाला तीस वर्षांची रांग देणं म्हणजे थट्टा आहे. सरळ नाही म्हणा ना!

शीटमध्ये आणखी एक गोष्ट नव्हती. उलट दिशेचा व्हिसा. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकन झालात की चिनी नागरिकत्व आपोआप गेलं. आपल्यालाही पासपोर्ट सोडावा लागतोच, पण ओसीआय कार्ड मिळतं. त्यांच्याकडे तसं काही नाही. स्वतःच्या आईला भेटायला क्यू-२ व्हिसा, १८० दिवसांहून जास्त राहायचं तर क्यू-१.

एरवी हे नुसतं कागदी काम. पण २८ मार्च २०२० पासून चीनने परदेशी पासपोर्टवाल्यांचे हातात असलेले व्हिसाही स्थगित केले, आणि सगळ्या प्रकारचे व्हिसा पूर्ववत व्हायला १५ मार्च २०२३ उजाडला. मधल्या काळात सवलती होत्या, पण तुटपुंज्या. चिनी पासपोर्ट ठेवलेला मुलगा महागडं तिकीट काढून, क्वारंटाइन सोसून का होईना, घरी जाऊ शकत होता. आई-वडिलांना आणायचं म्हणून अमेरिकन झालेला मुलगा दारातच अडकला. त्याच्या आई-वडिलांनाही इथे येता येत नव्हतं, कारण एप्रिल २०२० ते फेब्रुवारी २०२१ अमेरिकेने बहुतेक इमिग्रंट व्हिसा थांबवले होते आणि नागरिकांचे आई-वडील त्या बंदीतून सुटले नव्हते. (ओसीआयवाल्यांनो, फार हसू नका. मार्च २०२० मध्ये आपलीही व्हिसामुक्त ये-जा बंद झाली होती.)

म्हणून माझी मित्राला सूचना एवढीच होती की 'किती वर्षं लागतील' या कॉलमशेजारी 'तेव्हा आईचं वय' असा कॉलम टाक, आणि नागरिकत्वाचा फॉर्म भरायच्या आधी तिला फोन करून विचार की तुला यायचंय का. चार म्हाताऱ्यांपैकी तिघं नाही म्हणाले. चौथे, बायकोचे वडील, म्हणाले की मासेमारीला जागा असेल तर विचार करू.

त्याची आई ऑक्टोबरमध्ये येतेय, सहा महिन्यांसाठी. दहा वर्षांच्या व्हिसातली अजून चार शिल्लक आहेत.