कापूर दूर ठेवा, बाळाचे श्वास मोजा

थंडी पडली की तान्ह्या बाळांच्या छात्या भरतात आणि घराघरांत कापूर बाहेर निघतो. खोबरेल तेलात विरघळवून तो छातीला चोळतात, निलगिरीचे थेंब दुपट्यावर टाकतात, कुणी तर थेट नाकात सोडतात. आईबाबांनो, आजीआजोबांनो, दोन वर्षांखालच्या मुलाला हे करू नका. आजच थांबवा.

कापूर कातडीतूनही अंगात भिनतो. पोटात गेला तर थोड्याच वेळात झटके येतात, आणि रांगत्या मुलाच्या हाती लागलेली देवघरातली वडीही त्याला पुरते.

नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हा अनुभव खोटा नाही. पण 1983 साली कापूर, निलगिरी आणि मेंथॉलच्या वाफा हुंगवून नाकातला हवेचा अडथळा मोजला गेला, तेव्हा तो कमी झालेला नव्हता. थंडावा ओळखणाऱ्या नसा चेतवल्या जातात, एवढेच. वाटण्याचा हा दिलासा मोठ्यांसाठी ठीक आहे. बाळाला त्यातून काहीच मिळत नाही, धोका मात्र राहतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरे खोकल्याच्या विषारी औषधाने गेली; त्यातल्या कितीतरी जणांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर बाटलीची धास्ती वाटणे साहजिकच आहे. पण म्हणून झाडपाल्याचे सगळे निर्धोक ठरत नाही, आणि सगळे टाकाऊही नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन घडवले गेले. घरच्या काढ्यात मात्र व्हॅसिसिन किती उतरते, हे कुणी मोजत नाही. मधाचा पुरावा त्याहून बरा आहे: कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या संशोधन-आढाव्यानुसार काहीच न देण्यापेक्षा मधाने मुलांचा खोकला बहुधा कमी होतो. तो फक्त वर्षावरच्या मुलाला, झोपताना अर्धा-एक चमचा. वर्षाच्या आत मधाचे बोटसुद्धा चाटवू नका. त्यातून बॉट्युलिझम ही जिवाणूंच्या विषाची गंभीर बाधा होऊ शकते.

तान्ह्याला अंगावरचे दूध वारंवार पाजा, नाकात मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घाला. ओव्याची धुरी नको, उकळत्या पाण्याचे पातेले त्याच्याजवळ नको.

आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा बाळ दूध ओढेना, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.