‘शुड’, ‘मस्ट’ आणि आपले ‘पाहिजे’

बी. ए.च्या वर्गापर्यंत आलेला आपल्याकडील विद्यार्थी ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ आणि ‘मस्ट’ म्हणजेही ‘पाहिजे’, एवढी शिदोरी घेऊन आलेला असतो. परीक्षेतील रिकाम्या जागा भरण्यापुरती ती पुरते. परंतु सल्ला देणे, विनंती करणे, अपेक्षा बोलून दाखवणे या रोजच्या व्यवहारात ती पुरत नाही. उलट कधी कधी घात करते. माझे स्पष्ट मत असे आहे की, हा धडा इंग्रजीच्या नियमांपासून नव्हे, तर आपल्या मराठीपासून सुरू केला पाहिजे.

आपला धाराशिव जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे इंग्रजी आपल्या घरांत बोलली गेली नाही. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली खरी. पण ती पुस्तकातून आली, माणसांच्या तोंडून नव्हे. पुस्तकात शब्दाचा अर्थ मिळतो, आवाजाची पट्टी मिळत नाही. आणि या क्रियापदांत तर सारा खेळ पट्टीचाच आहे.

मराठीत मात्र ही पट्टी आपल्याला उपजत कळते. आजारी माणसाला दवाखान्यात जायला सांगायचे आहे, असे समजा. धाकट्या भावाला आपण नुसते ‘जा’ म्हणतो. मामांना म्हणतो, ‘तुम्ही एकदा दाखवून यावं, असं वाटतं.’ मित्राला ‘जायला हवं तुला.’ दुखणे अंगावर काढणाऱ्याला ‘आता गेलेलंच बरं.’ आणि ताप उतरेनासा झाला, की ‘गेलंच पाहिजे!’ यांतील कोणते वाक्य कोणाला म्हणायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. इंग्रजीची शिडीही अशीच आहे. ‘यू कुड गो’ ही नुसती सूचना, ‘यू शुड गो’ हा सल्ला, ‘यू हॅड बेटर गो’ ही ताकीद आणि ‘यू मस्ट गो’ ही सक्ती. ‘हॅड बेटर’मध्ये तर आपल्या ‘गेलेलं बरं’मधले ‘बरं’ जसेच्या तसे बसले आहे. फरक एवढाच की, त्यामागे ‘नाहीतर वाईट होईल’ असा इशारा असतो. म्हणून ते सरांना किंवा साहेबांना उद्देशून वापरू नये.

शिडी न ओळखल्याने काय होते, ते अर्जात दिसते. ‘मला मुलाखतीची संधी मिळावी, ही नम्र विनंती’ हे आपले सरळ वाक्य. ‘मिळावी’ हा विध्यर्थ पाहून विद्यार्थिनी लिहिते, ‘यू शुड गिव्ह मी ॲन इंटरव्ह्यू.’ मराठीतला नम्र विध्यर्थ इंग्रजीत हुकूम होतो. पुण्याच्या कचेरीत तो वाचणाऱ्याला मुलगी उद्धट वाटते, अर्ज बाजूला पडतो, आणि तो का पडला हे तिला कोणीच सांगत नाही. तेथे ‘आय वुड बी ग्रेटफुल’ असे काही हवे होते. याच्या उलटही घडते. साहेब म्हणतात, ‘यू माइट वॉन्ट टू चेक धिस.’ आपला मुलगा समजतो, मर्जीची गोष्ट आहे. वास्तविक तो मऊ आवाजातला आदेशच असतो.

आता अपेक्षेचा भाग. ‘मृगात पाऊस पडायला हवा’ असे म्हणताना आपण पावसावर काही कर्तव्य लादत नाही. आपली अपेक्षा सांगतो. ‘पडायला हवा होता’ या वाक्यातली हुरहुर तर या अवर्षणप्रवण जिल्ह्याला समजावून सांगायला नको. ‘इट शुड हॅव रेन्ड’ म्हणजे नेमके तेच. ‘एव्हाना तुळजापूरची गाडी यायला हवी’ हेही तसेच. ‘दिवा दिसतोय, म्हणजे तो घरी असला पाहिजे’ येथे ‘पाहिजे’ने आपण तर्क करतो, इंग्रजी माणूस तेथेच ‘मस्ट’ वापरतो. म्हणजे एकाच शब्दाने कर्तव्यही सांगायचे आणि अंदाजही, ही रीत दोन्ही भाषांत आहे.

शब्दांची कुळे पाहिली, तर हे नाते अधिकच उघड होते. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप आहे. ‘अपेक्षा’ या शब्दातही पाहण्याचाच धातू आहे, आणि इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’चा लॅटिन मूळ अर्थही बाहेर नजर लावणे असाच. उलट ‘ऑट’ हे ऋणी असणे या अर्थाच्या ‘ओ’ या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप, आणि ‘शुड’ ज्याच्यापासून आले त्या ‘शॅल’चाही मूळ अर्थ देणे लागणे असाच. आपणही ‘समाजाचे देणे लागतो’ म्हणतो आणि ‘जावे लागते’ही म्हणतो!

कोणी म्हणेल, मराठी आड येते म्हणून इंग्रजी माध्यमच हवे. मला हे पटत नाही. आड मराठी येत नाही, पाठ केलेली यादी येते. शिक्षकांनी फळ्यावर ‘शुड’चा अर्थ लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हे कोण, कोणाला म्हणत आहे? आणि विद्यार्थी मित्रहो, आपणही घरात, एस. टी.च्या थांब्यावर, बाजारात कानावर पडणारी ‘जावे’, ‘हवे’, ‘बरे’, ‘लागेल’ची वाक्ये वहीत टिपा आणि मग त्यांना इंग्रजी शोधा. आपल्या आईच्या बोलण्यातला आर्जव आणि धाक ज्याला वेगवेगळा ऐकू येतो, त्याला ‘शुड’ आणि ‘मस्ट’ यांतले अंतर कळायलाच हवे. येथे ‘हवे’ म्हणजे कर्तव्य की अपेक्षा, ते तुम्हीच ठरवा.