परळची लस आणि घरातला संगणक

चोर घरात शिरला म्हणजे तुटलेला कडीकोयंडा दिसतो, कपाट उघडे पडलेले असते, शेजारीपाजारी गोळा होतात आणि पंचनामा होतो. संगणकातून होणाऱ्या चोरीत यांपैकी काहीच घडत नाही. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते. नेली जाते ती केवळ नक्कल: नावाची, जन्मतारखेची, पॅन आणि आधार क्रमांकाची, सहीची, छायाचित्राची, पासवर्डची. या नकलेच्या आधारे दुसरीच व्यक्ती बँकेपुढे, सावकारी अॅपपुढे किंवा सिमकार्डाच्या दुकानापुढे मूळ माणूस म्हणून उभी राहते. महिना-दोन महिन्यांनी न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचा फोन येतो, तेव्हा चोरी झाल्याचे प्रथम कळते. आणि आपण चोर नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याच डोक्यावर येऊन पडतो.

परळ, लालबाग, शिवडी या भागांत हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या बंगल्यांतला राहिलेला नाही. दहा बाय बाराच्या खोलीतही आज संगणक आहे, आणि तो बहुधा एकट्याचा नाही. त्यावर मुलगा कॉलेजचा अभ्यास करतो, वडील निवृत्तिवेतनाचा हिशेब पाहतात, सून कचेरीचे काम करते आणि शेजारच्या काकांचा एखादा अर्जही भरून दिला जातो. एक यंत्र, चारपाच हात आणि सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड, अशी ही व्यवस्था असते. दार उघडे ठेवून राहण्याच्या चाळीतील सवयीने माणसे एकमेकांना धरून राहिली, हे खरेच आहे. तथापि संगणकाचे उघडे दार केवळ शेजाऱ्याला दिसत नाही. ते साऱ्या जगाला दिसते.

साथ आणि प्रतिबंध हे विषय परळला नवे नाहीत. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि दाटीवाटीने राहणाऱ्या मुंबईला त्याने ग्रासले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. प्लेगच्या त्या वर्षांनी शहराला दोन गोष्टी शिकवल्या. लस रोग येण्याआधी घ्यावी लागते, ही पहिली. आणि एकाच खोलीची स्वच्छता पुरेशी नसते, कारण उंदीर भिंती मानत नाही, ही दुसरी. संगणकाच्या विषाणूला नाव शरीराच्या रोगावरून मिळाले, ते उगाच नव्हे. हे दोन्ही धडे त्याला तंतोतंत लागू पडतात.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू तयार केला. घरगुती संगणकांवर पसरलेल्या आरंभीच्या विषाणूंत त्याची गणना होते. त्याच्या कर्त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता! त्या काळच्या विषाणूंना मिरवण्याची हौस होती. पडद्यावर काहीतरी विचित्र दिसे आणि मालक सावध होई. आजचा विषाणू मिरवत नाही. तो गुपचूप येतो, ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पासवर्ड आणि उघड्या खात्यांच्या खुणा काही क्षणांत गोळा करून पाठवतो आणि कित्येकदा स्वतःचा मागही पुसून टाकतो. दुसरा प्रकार खंडणीखोराचा. तो घरातल्या सर्व फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. संगणक व्यवस्थित चालतो आहे, म्हणजे तो निरोगी आहे, हा समज म्हणूनच टाकून दिला पाहिजे.

लस असूनही ती न टोचल्यास काय होते, याचे उदाहरण जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशे देशांतील लाखो संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. ‘नंतर करू’ असे म्हणून ज्यांनी ती पुढे ढकलली, ते प्रामुख्याने बळी पडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये संगणक बंद पडून रुग्णांची नोंदणी अनेक दिवस हाताने करावी लागली. केईएम, टाटा आणि वाडिया ही तीन मोठी रुग्णालये ज्या परळमध्ये आहेत, तेथील नागरिकाला या बातमीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर एका तारखेची पुरेशी दखल मध्यमवर्गीय घरांनी घेतलेली दिसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. इच्छुकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय कंपनीने ठेवली, ती मर्यादित मुदतीपुरती. तेव्हा त्या प्रणालीवर चालणारा जुना संगणक बंद पडला नसला, तरी दुरुस्त्या थांबल्या की तो बिनालसीचा होतो. यंत्र पेलत असेल तर नवी प्रणाली घ्यावी. पेलत नसेल तर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवून घ्यावी. तेही जमत नसेल तर निदान बँकेचे आणि कागदपत्रांचे व्यवहार त्या यंत्रावरून करू नयेत.

आता ओळखीच्या चोरीचा विचार करू. गिरणगावात ओळख ही नेहमीच कागदावर टिकून राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. भोंगा थांबला, पण तिकीट नंबर, लाल पास, भविष्य निर्वाह निधीची पावती आणि हजेरीची नोंद हे कागद घरोघरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले गेले. घराच्या हक्काचा तोच पुरावा होता. २०२३ च्या सप्टेंबरपासून म्हाडाने सुमारे दीड लाख गिरणी कामगारांची आणि त्यांच्या वारसांची पात्रता ठरवण्याची मोहीम घेतली, तेव्हा हे कागद प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशा दोन्ही मार्गांनी सादर करावयाचे होते. पेटीतला कागद स्कॅन होऊन संगणकात आला. ज्यांना हे जमत नाही, ते नातवाकडे, सायबर कॅफेत किंवा मध्यस्थाकडे जातात. आणि काम झाल्यावर त्या आधार-पॅनच्या प्रती परक्या यंत्राच्या ‘डाउनलोड’मध्ये तशाच पडून राहतात. २०२४ मध्ये तर म्हाडाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करणारे बनावट संकेतस्थळ उघडकीस आले. ज्याने घरासाठी चाळीस वर्षे वाट पाहिली, त्याच्या आशेइतके सोपे सावज ठगाला दुसरे कोणते मिळणार?

घरच्या घरी करावयाचे उपाय थोडे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना पैसे लागत नाहीत. प्रणालीची आणि ब्राउझरची दुरुस्ती आपोआप होऊ द्यावी. एक अँटिव्हायरस चालू ठेवावा. विंडोजमध्ये तो मुळातच असतो, आणि विकत घ्यायचा तर त्याची निर्मिती पुण्यातही होते. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करीत, त्यांचे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. या दोघांनी नव्वदीच्या दशकात ‘क्विक हील’ उभी केली. मात्र पडद्यावर अचानक झळकणाऱ्या ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडला आहे’ या इशाऱ्याखालचा क्रमांक कधीही फिरवू नये. तेथे वैद्याच्या वेषात चोरच बसलेला असतो. फुकट मिळालेले ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर आणि खेळ यांतून चोरटे विषाणू सर्रास येतात. म्हणून मुलांसाठी वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते काढून द्यावे. नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार घरातल्या एकाच जाणत्या व्यक्तीकडे असावा.

पासवर्डांमध्ये सर्वांत मोलाचा ईमेलचा असतो, कारण बाकीच्या खात्यांचा विसरलेला पासवर्ड तेथेच येतो. तो लांब आणि इतर कोठेही न वापरलेला असावा. त्याला दुहेरी पडताळणीची जोड द्यावी. छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी; खंडणीखोराला एवढे उत्तर पुरेसे आहे. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते आणि शेवटचेच चार अंक दाखवणारी प्रतही मिळते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे ‘संचार साथी’वर पाहता येते. पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा विनामूल्य अहवाल मिळतो. त्यात अनोळखी कर्ज दिसले, तर वसुलीदाराच्या आधी आपल्याला कळते. मोबाइलचे जाळे अकारण बराच वेळ गेले, तर आपले सिम दुसऱ्याने काढले नाही ना, याची चौकशी त्वरित करावी. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. गेलेली रक्कम पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.

येथवर नागरिकाचे कर्तव्य झाले. परंतु सारा उपदेश नागरिकालाच करून थांबणे हा अन्याय ठरेल. परळच्याच इतिहासातील एक प्रकरण या संदर्भात आठवण्याजोगे आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना हाफकिन यांची लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. दोष कोठे घडला हे न तपासता जो सापडेल त्याच्या माथी तो मारणे सोपे असते. मात्र त्याने ना न्याय होतो, ना पुढचा अपघात टळतो.

आज ‘तुम्हीच ओटीपी दिला असेल’ हे वाक्य बँकेच्या खिडकीवर ऐकावे लागते, तेव्हा नेमके हेच घडत असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले गेले. त्यात कोणत्याही ठेवीदाराने ओटीपी सांगितला नव्हता. विषाणू बँकेच्याच यंत्रणेत शिरला होता. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या बाबतीत स्पष्ट तत्त्व घालून दिले. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर तोशीस नाही. आणि ग्राहक दोषी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. याच तत्त्वाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेस खातेदाराचे सुमारे ७६ लाख रुपये परत करण्याचा आदेश दिला. परंतु उच्च न्यायालयाची पायरी चढणे किती निवृत्त शिक्षकांना आणि कारकुनांना परवडेल? जे परिपत्रकात लिहिले आहे, ते शाखेतल्या खिडकीवर मिळाले पाहिजे.

तीच गोष्ट कागदपत्रे गोळा करणाऱ्यांची. शाळाप्रवेश, भाडेकरार, गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व, लॉजमधली एक रात्र, प्रत्येक ठिकाणी आधारची झेरॉक्स मागितली जाते. ती पुढे कोणत्या फडताळात पडते, कोणत्या संगणकात जाते आणि कधी नष्ट होते, हे कोणी विचारीत नाही. ओळखीच्या चोरीस माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला. तथापि ‘ही प्रत कशासाठी हवी, आणि काम झाल्यावर तिचे काय करणार?’ असा प्रश्न ग्राहकाने विचारण्याची आणि संस्थेने त्याचे सरळ उत्तर देण्याची पद्धत पडेपर्यंत कायदा पुस्तकातच राहील.

ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर या शहरात कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्याला कोणीही फसवू शकतो, हे त्या पिढीने ओळखले होते. आज सही करता येणारा माणूसही पडद्यापुढे अंगठेबहाद्दरच ठरत आहे. परळ-लालबागची मंडळे, शाळा आणि वाचनालये यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामाला दिली, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी चाळीतल्या वृद्धांचे संगणक तपासून दिले, अर्ज भरून झाल्यावर परक्या यंत्रावरच्या प्रती पुसून टाकण्याची शिस्त लावली, तर त्यास ना मोठा निधी लागेल ना मंत्र्यांचे उद्घाटन. उंदीर भिंती मानीत नाही, हे ओळखून ज्या वस्तीने प्लेगशी झुंज दिली, तिला हा नवा रोग एकेका खोलीत एकट्याने सोसण्याचे कारण नाही.