'बनवाबनवी'त आडनाव कुणीच का विचारत नाही?

'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. आमच्या पळसदेवच्या पोरांना त्यातले संवाद आजही तोंडपाठ आहेत, आम्हीही पोट धरून हसलो आहोत. सिनेमा वाईट आहे असं आमचं म्हणणं नाहीच. चार तरुणांना पुण्यात जागा हवी, मालकीणबाईंना जोडपीच हवीत, म्हणून दोघं साड्या नेसतात. एवढ्या सगळ्या भानगडीत जात मात्र कुणी विचारत नाही! इंदापूर-बारामतीहून शिकायला, नोकरीला पुण्यात गेलेल्या आपल्या पोरांना विचारा, खोली बघताना पहिला प्रश्न कोणता येतो. आडनाव काय? लग्न झालंय का, हे नंतरचं.

जागेसाठी सोंग घेणं काय असतं, ते १९१७ सालच्या बडोद्याला विचारावं. परदेशात शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना शहरात कुठेच जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू, एक ख्रिश्चन अशा दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं बाबासाहेब मुंबईला परतले. कथानक तेच आहे: जागेसाठी खोटी ओळख, मग पितळ उघडं पडणं. पडद्यावर त्यानंतर लग्नं जुळतात.

अमेरिकेतही घरगुती विनोदाची हीच गत होती. १९५० च्या 'ब्युला' मालिकेत मुख्य पात्र काळी बाई, पण गोऱ्यांच्या घरातली मोलकरीण. स्वतःच्या घरात राहणारी, नर्सची नोकरी करणारी 'ज्युलिया' यायला १९६८ उजाडलं. तिच्यावरही काळ्या समाजातून टीका झाली, आणि व्हायलाच हवी होती. आपल्याकडे चिमणरावांपासून गोखल्यांच्या सहा सासवांपर्यंत 'मराठी घर' म्हणजे कुणाचं घर, हे सांगायला नको.

कुणी म्हणेल, 'फँड्री' आला, 'सैराट' आला. आले, आणि आम्हाला त्यांचा अभिमान आहे. नागराज मंजुळे उजनीच्या पाण्यापलीकडचे, करमाळा तालुक्यातले, म्हणजे आपले शेजारीच. पण 'सैराट'मधल्या त्या दोघांना भाड्याचं घर मिळतं, संसार लागतो, आणि त्याच घरात त्यांचे गळे कापले जातात. आमचं दुःख पडद्याला चालतं. आमच्या घरातली चेष्टामस्करी, सासू-सुनेची कुरबुर, कर्जाचा हप्ता चुकवताना उडालेली फजिती चालत नाही. वास्तविक तमाशाच्या फडात या महाराष्ट्राला हसवलं ते बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनीच. हसवायची कला आमची, हसायचं घर मात्र त्यांचं!

म्हणून लिहिणाऱ्या, मोबाईलवर फिल्म करणाऱ्या साथींना आमचं सांगणं आहे: एक कांबळ्यांचं घर लिहा. बाप एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत, पोरगी स्पर्धा परीक्षेला बसलेली. त्यात कुणी मरू नये, कुणी कुणाचा उद्धार करायला येऊ नये. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असावा, आणि कॅमेऱ्यानं त्याच्याकडे मुद्दाम बघू नये.